खुश्रू लॉज : एका लशीला मिळालेलं घर

पल्स पोलिओच्या दिवसांत आम्हा शिक्षकांना कधी कधी मोहल्ल्यात फिरावं लागायचं. अंगणवाडीच्या बाई पुढे आणि आम्ही मागे. उर्दू शाळेचा मास्तर सोबत असला की दारं लवकर उघडतात, हा हिशोब. तरी काही दारं बंद राहत. एका गल्लीत एक म्हातारी खाला उंबऱ्यावर बसून होत्या. घरात तीन नातवंडं, पण डोस द्यायला तयार नाहीत. म्हणाल्या, "बेटा, तू पढ़ा-लिखा है, तू ही बता, ये दवा किसकी है? अपने लोगों का इसमें क्या है?"

मी काहीतरी सांगितलं. सरकारी आहे, सुरक्षित आहे, माझ्या मुलीलाही दिला आहे, असं. खालांनी शेवटी ऐकलं, पण लशीसाठी नव्हे, माझ्या तोंडाकडे बघून. परत येताना मी डब्यातल्या शीशीचं लेबल वाचलं. त्यावर हाफकिन, मुंबई असं नाव होतं. त्या वेळी या नावामागची गोष्ट मला ठाऊक नव्हती. ठाऊक असती तर खालांच्या प्रश्नाला अगदी थेट उत्तर देता आलं असतं. ते उत्तर आज, उशिरा का होईना, लिहितो आहे.

गोष्ट १८९६ ची आहे. त्या वर्षीच्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात लोक विचित्र तापाने मरू लागले. जांघेत, काखेत गाठ यायची, ताप चढायचा आणि चार-पाच दिवसांत माणूस जायचा. डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी निदान केलं की हा गाठीचा प्लेग आहे. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेली धान्याच्या गोदामांची वस्ती. गोदामात उंदीर, उंदरांवर पिसवा आणि शेजारी दाटीवाटीच्या चाळी. काही आठवड्यांत शहर रिकामं होऊ लागलं. गाड्या भरभरून माणसं गावी पळाली आणि त्यांच्याबरोबर रोगही निघाला. मुंबई-नागपूर लोहमार्ग आपल्या मलकापूर, नांदुरा, शेगाववरूनच जातो आणि जलंबहून खामगावच्या कापूस बाजारापर्यंत फाटा त्याआधीच आलेला होता. प्लेग वऱ्हाडातही पोचला. आपल्याकडची जुनी माणसं सांगायची की घरात उंदीर मरून पडला की गाव सोडायचं आणि शेतात झोपडी टाकून राहायचं. आमच्या आजीच्या बोलण्यात तो "पिलेग" होता. ती वर्ष सांगत नसे, "पिलेगच्या साली" एवढंच म्हणायची.

प्लेगचा जंतू तोवर सापडलेला होता. १८९४ साली हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर येर्सिन यांनी तो ओळखला होता. म्हणजे शोध लागून दोन वर्षं झाली होती. पण जंतू कळला म्हणून मांडवीतला एकही रोगी वाचला नाही. प्रयोगशाळेत लागलेला शोध आणि माणसाच्या दंडात जाणारी सुई यांच्यामध्ये मोठं अंतर असतं. ते अंतर कोण आणि कुणाच्या पैशाने पार करतं, हाच या लेखाचा विषय आहे.

मुंबईत ते पार करायला आलेल्या माणसाचं नाव वाल्डेमार हाफकिन. जन्म १८६० चा, रशियन साम्राज्यातल्या ओडेसा शहरातला, ज्यू कुटुंबातला. हुशारी असूनही ज्यू असल्यामुळे तिथल्या विद्यापीठात बढतीचा मार्ग बंद होता. धर्म बदलला तर जागा मिळेल असं सुचवलं गेलं, ते त्यांनी नाकारलं. पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आले ते ग्रंथालयातल्या साध्या नोकरीवर. तिथे फावल्या वेळात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती स्वतःलाच टोचून घेतली. तरी युरोपातल्या मोठ्या डॉक्टरांनी फारसं मनावर घेतलं नाही. लस खरी आहे की नाही हे कळायला जिथे पटकी आहे तिथेच जायला हवं होतं, म्हणून १८९३ साली ते कलकत्त्याला आले. पुढच्या दोन-अडीच वर्षांत त्यांनी देशभर फिरून चाळीस हजारांहून अधिक लोकांना ती लस टोचली.

७ ऑक्टोबर १८९६ रोजी हाफकिन मुंबईत उतरले. सरकारने त्यांना प्लेगवर काम करायला सांगितलं होतं. जागा मिळाली ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पेटिट लॅबोरेटरीत. एक खोली आणि बाहेरचा व्हरांडा, मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. जगातल्या सगळ्यांत भयंकर रोगावर लस शोधायचं सरकारी बजेट एवढं होतं. ज्या इमारतीत ते बसले तिला पेटिट या पारशी घराण्याचं नाव होतं आणि शेजारचं जे. जे. रुग्णालय उभं राहिलं होतं ते सर जमशेटजी जीजीभॉय यांनी दिलेल्या लाख रुपयांच्या देणगीवर. मुंबईत वैद्यकाला आधार देण्याची ही परंपरा आधीपासून होती. हाफकिन तिच्याच सावलीत बसले म्हणा ना.

काम कसं झालं तेही थोडक्यात सांगतो, कारण त्यात आपल्यासाठी एक बारीक गोष्ट आहे. प्लेगचे जंतू वाढवायला मांसाचा रस्सा लागतो. युरोपात तो सर्रास गाईच्या मांसाचा आणि मांस विरघळवायला डुकराच्या पोटातलं पाचकद्रव्य. असं काही इथल्या माणसाच्या अंगात टोचायचं म्हटलं असतं तर हिंदू उठले असते आणि मुसलमानही. हाफकिन यांनी शेळीचं मांस घेतलं. रश्श्यावर तुपाचे थेंब सोडले. त्या थेंबांना धरून जंतू खाली लोंबत वाढतात, गुहेतल्या छताला दगडी सुळके लोंबावेत तसे. तयार झालेला रस्सा तासभर तापवून जंतू मारायचे, थोडं कार्बॉलिक आम्ल घालायचं, की लस झाली. कुणाच्या श्रद्धेला धक्का लागू नये म्हणून प्रयोगशाळेतली पद्धत बदलणारा हा माणूस स्वतः आपल्या धर्माचा पक्का होता. त्यामुळेच त्याला ते सुचलं असावं असं मला वाटतं.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती लस स्वतःला टोचून घेतली आणि पुढे टोचायच्या मात्रेपेक्षा बरीच जास्त घेतली. ताप आला, दंड ठणकला, पण ते काम करत राहिले. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथले जवळपास निम्मे कैदी लस घ्यायला पुढे आले. लस न घेतलेल्यांपैकी १२ जण आजारी पडले आणि त्यातले ६ मेले. घेतलेल्यांपैकी दोघांना लागण झाली, मेलं कुणी नाही. कैदी खरोखर स्वेच्छेने पुढे आले की तुरुंगात "नाही" म्हणणं अवघड होतं, हा प्रश्न आज आपण विचारतो आणि तो विचारलाच पाहिजे. लशींच्या इतिहासात गरिबांचे, कैद्यांचे दंड नेहमी पहिले वापरले गेले आहेत. म्हणूनच पुढे जे घडलं त्याची किंमत मला जास्त वाटते.

तर फेब्रुवारी १८९७ मध्ये परिस्थिती अशी होती की लस सापडली होती आणि ती काम करते असं दिसत होतं. पण एका खोलीतून आणि एका व्हरांड्यातून लाखो लोकांसाठी लस निघत नाही. भांडी, भट्ट्या, थंड जागा, हात, सगळंच हवं. सरकारचा पैसा आणि जोर भलतीकडे होता. ४ फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा हातात घेऊन अधिकारी घरात शिरत होते, सामान जाळत होते, बायाबापड्यांना स्टेशनवर तपासत होते, रोग्यांना ओढून छावणीत नेत होते. त्याआधीच, २९ ऑक्टोबर १८९६ रोजी, गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला होता. पुण्यात काय झालं ते प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे. १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या आणि २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी प्लेग कमिशनर रँडवर गोळ्या झाडल्या.

हाफकिन यांची प्रयोगशाळा या काळात बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरत होती. ग्रँट कॉलेजमधून मलबार हिलवरच्या बंगल्यात, तिथून नेपियन सी रोडवर. मग १८९८ साली तिला एक मोठं घर मिळालं, खुश्रू लॉज. घराचे मालक होते सुलतान मुहम्मद शाह, म्हणजे तिसरे आगाखान, खोजा इस्माईली जमातीचे इमाम. वय वर्षं वीस.

या वीस वर्षांच्या मुलापुढे काय पेच होता ते लक्षात घ्या. त्याची माणसं मुंबईत मरत होती. जमातीत घबराट होती. लस एका परक्या माणसाची, रशियातून आलेल्या ज्यूची. सरकार इंग्रजांचं आणि त्याच सरकारच्या शिपायांनी शहरात दहशत बसवलेली. गप्प राहणं सोपं होतं. आगाखानांनी पुढे १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत या दिवसांबद्दल लिहिलं आहे. त्यांनी आपला हा प्रशस्त वाडा संशोधनासाठी हाफकिन यांच्या हवाली केला, भाडं न घेता. आणि दुसरी गोष्ट अशी की त्यांनी स्वतः सगळ्यांसमक्ष लस टोचून घेतली आणि ती बातमी लवकरात लवकर सगळीकडे पोचेल याची तजवीज केली.

मुंबईतली खोजा जमात तेव्हा दहा-बारा हजारांची होती. त्यातल्या जवळपास निम्म्या लोकांनी लस घेतली. एखाद्या समाजाने एवढ्या मोठ्या प्रमाणात स्वतःहून नवी लस घ्यावी, हे त्या काळात विरळाच होतं. आणि त्यामुळे आणखी एक काम झालं. एकाच जमातीतले, एकाच वस्तीतले, सारख्याच राहणीचे लोक, त्यातल्या निम्म्यांनी लस घेतलेली आणि निम्म्यांनी नाही. दोन्हींमधल्या मृत्यूंची तुलना हाफकिन यांना करता आली. आज औषध कंपन्या ज्या चाचण्यांवर कोट्यवधी खर्च करतात, तसं काहीसं काम एका जमातखान्याच्या भरवशावर झालं.

त्याच वर्षी, त्याच शहरात, मुसलमानांच्याच दुसऱ्या एका वस्तीत काय झालं तेही सांगितलं पाहिजे. मदनपुऱ्यात उत्तरेतून आलेले विणकर राहत होते, जुलाहे म्हणजे मोमिन बिरादरीचे. ९ मार्च १८९८ रोजी प्लेगची तपासणी करणारी टोळी तिथल्या एका घरात आजारी मुलीला बघायला गेली. घरच्यांनी परक्या पुरुषांना आत येऊ दिलं नाही. वाद वाढला, दगड आले, गोळीबार झाला, शहरात दंगल पसरली, माणसं मेली. इतिहास लिहिणारे या दोन घटनांची फार सोपी मांडणी करतात की खोजे शहाणे आणि जुलाहे अडाणी. मला ते पटत नाही. मदनपुऱ्याच्या विणकराला कुणी काय दिलं होतं? त्याच्या दारात लस आली नव्हती, शिपाई आले होते. खोजांच्या दारात त्यांचाच माणूस आला, आपला दंड दाखवत. पैसा, घर, सुई यांच्याआधी भरवसा लागतो. तो कुणीतरी आधी स्वतःच्या पदरचा घालावा लागतो, भांडवलासारखा.

आगाखानांना पुढे सरकारी मानमरातब भरपूर मिळाले. ते श्रीमंत होते आणि इंग्रजांशी त्यांचे संबंध चांगले होते, हेही खरं. कुणी म्हणेल, एक वाडा देण्यात त्यांचं काय गेलं? पण त्या काळी मुंबईत वाडे असणारे पुष्कळ होते, राजेरजवाडेही होते. प्लेगच्या जंतूंची भांडी आपल्या दिवाणखान्यात ठेवू देणारे फार नव्हते.

खुश्रू लॉजमधलं काम बघून सरकारची खात्री पटली. १० ऑगस्ट १८९९ रोजी गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेग रिसर्च लॅबोरेटरीचं उद्घाटन झालं. ही इमारत गव्हर्नर साहेबांनी का सोडली होती? १८८२ साली गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन, ज्यांचं नाव पुण्याच्या कॉलेजला आहे, यांच्या पत्नी याच बंगल्यात पटकीने वारल्या. त्यानंतर गव्हर्नरांचा मुक्काम मलबार हिलला गेला. साथीच्या भीतीने रिकाम्या झालेल्या घरात साथीवरची लस तयार होऊ लागली. १९२५ पर्यंत तिथून प्लेगच्या लशीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर पडल्या. प्लेगने या देशात तोवर एक कोटीच्या आसपास माणसं नेली होती. ही लस नसती तर आकडा कुठे गेला असता, विचार करा.

हा क्रम नीट बघण्यासारखा आहे. आधी खासगी घर, मग सरकारी महाल. सरकारचा मोठा पैसा आला तो गोष्ट सिद्ध झाल्यावर. सिद्ध होण्याआधीचा जो काळ असतो, जेव्हा प्रयोग फसूही शकतो, तेव्हा पैसा टाकणारे नेहमीच थोडे असतात. आजही संशोधनाच्या जगात हीच दरी सगळ्यांत खोल मानली जाते. मूळ शोधाला विद्यापीठं पैसे देतात, विकण्याजोग्या औषधाला कंपन्या. मधल्या वाटेत कितीतरी चांगले शोध उपाशी मरतात.

हाफकिन यांच्या वाट्याला मात्र सुखाचा शेवट आला नाही. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी लसीकरण झालं. १०७ जणांना लस टोचली. त्यातल्या एकाच बाटलीतली लस घेतलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे गेले. चौकशी लागली, ठपका परळवर आला, हाफकिन यांना कामावरून दूर केलं गेलं. ते देश सोडून गेले आणि वर्षानुवर्षं आपली बाजू मांडत राहिले. बाटली उघडताना तिथल्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, हे कागदपत्रांत होतं. चूक एका बाटलीची, शिक्षा एका परक्याला झाली. फ्रान्समध्ये ज्यू असलेल्या कॅप्टन ड्रेफस यांच्यावर झालेल्या अन्यायाशी लोकांनी या प्रकरणाची तुलना केली. शेवटी २९ जुलै १९०७ रोजी लंडनच्या टाइम्समध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत जंतुशास्त्रज्ञांचं पत्र छापून आलं आणि हाफकिन निर्दोष ठरले. ते परत आले, पण मुंबईची ती प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. १९२५ साली तिला त्यांचं नाव देण्यात आलं. १९३० साली स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात ते वारले.

पुढचा इतिहास आपल्या देशाचाच आहे. १९३२ मध्ये साहिबसिंग सोखी हे संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांच्या काळात सल्फा औषधं प्लेगच्या रोग्यांवर वापरून बघितली गेली आणि गुण आला. संशोधनही इथे आणि औषधही इथेच बनायला हवं, असा त्यांचा आग्रह होता. जवळपास त्याच काळात, १९३५ साली, अलिगढ आणि बर्लिनमध्ये शिकलेले ख्वाजा अब्दुल हमीद यांनी मुंबईत सिप्ला काढली. त्यांचे चिरंजीव युसूफ हमीद यांनी २००१ साली एड्सवरच्या तीन औषधांचा वर्षाचा खर्च ३५० डॉलरवर आणून दाखवला, जेव्हा परदेशी कंपन्या त्यासाठी दहा हजार डॉलरच्या वर घेत होत्या. सत्तरच्या दशकात हाफकिनमधलं लस उत्पादन वेगळ्या सरकारी महामंडळाकडे गेलं. पोलिओच्या त्या शीशीवरचं नाव याच महामंडळाचं. भारतात पोलिओचा शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ ला पश्चिम बंगालमध्ये सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपल्या भागाला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं.

आता खालांचा प्रश्न पुन्हा घेतो. अपने लोगों का इसमें क्या है? खाला, ज्या संस्थेच्या शीशीकडे तुम्ही संशयाने बघत होतात, तिला तिच्या सगळ्यांत कठीण दिवसांत एका मुसलमानाच्या घरात आसरा मिळाला होता. आपल्यातल्या काहींना आगाखानी म्हटलं की "ते वेगळे" असं वाटतं, ते मला माहीत आहे. प्लेगने तो फरक केला नव्हता आणि लशीनेही नाही.

आणि हे आगाखानांपासून सुरू झालेलं नाही. ११५४ साली दमास्कसमध्ये नूरुद्दीन जंगी यांनी बीमारिस्तान, म्हणजे रुग्णालय, बांधलं. १२८४ साली कैरोत सुलतान कलावून यांनी मन्सुरी बीमारिस्तान उभारलं. दोन्ही वक्फच्या उत्पन्नावर चालत. दुकानांचं, जमिनींचं भाडं यायचं आणि त्यातून वैद्यांचा पगार, रोग्यांचं जेवण, शिकणाऱ्यांचा खर्च निघायचा. इब्न अल-नफीस यांनी लिहून ठेवलं की रक्त हृदयाच्या उजव्या बाजूकडून डाव्या बाजूला फुफ्फुसांमार्गे जातं. युरोपला हे कळायला पुढे काही शतकं लागली. १२८८ साली मरताना त्यांनी आपलं घर आणि पुस्तकं त्या कैरोच्या रुग्णालयाला देऊन टाकली. पुन्हा घरच. आपल्याकडे सदका-ए-जारिया म्हणतात तो हाच, माणूस गेल्यावरही चालू राहणारा.

आज आपल्या बुलढाणा जिल्ह्यात हे सगळं आठवायचं कारण काय? जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. तीन-चार दिवसांत टक्कल. देशभर बातम्या झाल्या, आयसीएमआरची पथकं आली, नमुने गेले. त्या वेळी डॉ. हिंमतराव बावस्कर स्वतःच्या खर्चाने या गावांत फिरले, नमुने तपासून घेतले आणि गव्हातल्या सेलेनियमचं प्रमाण जास्त असल्याचं त्यांनी मांडलं. बावस्कर शेजारच्या जालना जिल्ह्यातले. उभी हयात कोकणात महाडला काढली. तिथे विंचू चावून मुलं मरायची. विंचवाच्या विषाने शरीरातले रक्तवाहिन्या आवळणारे स्राव उसळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतं, फुफ्फुसात पाणी भरतं. रक्तदाबावरचं प्राझोसिन नावाचं जुनं, स्वस्त औषध इथे उपयोगी पडेल असं त्यांनी ओळखलं, रोग्यांवर काळजीपूर्वक वापरलं आणि १९८६ साली लॅन्सेटमध्ये ते प्रसिद्ध झालं. चार पैशांच्या जुन्या गोळीवर संशोधन करायला कुठली कंपनी पैसे देणार? दिले नाहीतच. खेड्यातल्या एका डॉक्टरने आपला वेळ आणि आपली कमाई घातली, म्हणून हजारो लेकरं वाचली.

एकट्या माणसाच्या खिशावर किती दिवस भागवायचं? २०२१ मध्ये कोरोना लशीसाठी हाफकिन महामंडळाला केंद्राने ६५ कोटी आणि राज्याने ९४ कोटी रुपये जाहीर केले. मोठा पैसा सरकारनेच द्यायचा असतो आणि तो मागायचा आपला हक्क आहे. पण सिद्ध होण्याआधीच्या त्या मधल्या वाटेवर समाजाचाही वाटा असू शकतो. आपल्या जमातींचा, ट्रस्टांचा पैसा कशावर जातो ते आपण जाणतो. मशिदीचं काम, शादीखाना, इज्तिमा, अलीकडे रुग्णवाहिका. रुग्णवाहिका तर हवीच. जकातीचे हकदार कुराणने ठरवून दिले आहेत, त्यात मी पडत नाही. पण सदक्याचा पैसा आहे, वक्फच्या दुकानांचं भाडं आहे. त्यातून दरवर्षी तालुक्यातल्या एका मुलीला सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी करण्यापुरती शिष्यवृत्ती निघणार नाही का? एखाद्या गावातल्या पाण्याच्या, धान्याच्या तपासणीचा खर्च निघणार नाही का? माझ्या वर्गात विज्ञानात चमकणाऱ्या मुली दर वर्षी असतात. दहावीनंतर त्यांचं काय होतं ते मी बघतो. बहुतेकींचं शिक्षण पैशाअभावी थांबतं आणि पैसा असला तर "इतकं शिकून काय करायचं" म्हणून.

दुसरी गोष्ट बिनपैशाची आहे. आरोग्य खात्याची माणसं माहिती घ्यायला येतात, रक्ताचे नमुने मागतात, तेव्हा त्यांना खरं सांगणं. कशासाठी हवं ते जरूर विचारावं, मदनपुऱ्याच्या माणसांसारखं आपल्या घराची इज्जत सांभाळावी, पण दार उघडं ठेवून. आणि ज्यांचा शब्द मोहल्ल्यात चालतो त्या इमामांनी, डॉक्टरांनी, आम्हा मास्तरांनी पहिला दंड आपला पुढे करावा.

मागच्या वर्षी नववीच्या वर्गात ही गोष्ट सांगितली. एका मुलाने विचारलं, "सर, मग खुश्रू लॉज आता कुणाचं आहे?" मी म्हटलं, बेटा, ते घर कुणाचं आहे ते विचारू नकोस. तुझ्या डाव्या दंडावर जन्मल्यावर टोचलेल्या लशीचा व्रण आहे ना, तो बघ. सगळ्या मुलांनी बाह्या वर केल्या.